दोन मतांचा मतदारसंघ

तुम्ही ज्याच्यात राहता, ज्याच्यापायी दर काही वर्षांनी तुमच्या भिंती रंगवल्या जातात, आणि ज्याला तुम्ही एकदाही डोळ्यांनी पाहिलेलं नाही, तो मी बोलतोय. मी एक मतदारसंघ. दचकू नका. घराला उंबरा असतो, शेताला बांध असतो. मला यातलं काही नाही. तुम्ही सकाळी पाव आणायला निघता तेव्हा माझ्यातूनच चालता, आणि एखादं वळण चुकलात तर माझ्या बाहेर पडता. तुम्हाला ते कळत नाही. मला कळतं, आणि तुम्ही परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

माझा जन्म एका सरकारी खोलीत, टेबलावर झाला. नकाशा पसरलेला होता. तो गुंडाळला जाऊ नये म्हणून तीन कोपऱ्यांवर लोखंडी वजनं ठेवली होती आणि चौथ्यावर चहाचा रिकामा कप. नकाशावाले साहेब लाल पेन्सिलीने रेघ ओढत होते. नदीच्या काठाकाठाने, मग मोठ्या रस्त्याला धरून, मग कापडगिरणीच्या कुंपणालगत. गिरणीच्या कोपऱ्यावर आले आणि साहेबांना सणसणीत शिंक आली. रेघ भलतीकडेच गेली. खोडायचा त्यांनी कंटाळा केला, आणि त्या एका शिंकेमुळे एक बेकरी, एक सायकलदुरुस्तीचं दुकान आणि तीन-चार बिऱ्हाडं माझ्या पदरात पडली. बेकरीच्या वासावर माझ्या कित्येक सकाळी गेल्या आहेत. देव त्या शिंकेचं भलं करो.

माझ्या पोटातून आडवे रेल्वेचे रूळ जातात. रुळांच्या अलीकडे गिरणीची वस्ती, पलीकडे टेकडीवरची वस्ती. दोघींचं अगदी विळ्या-भोपळ्याचं सख्य. गिरणीवाले म्हणायचे, राज्याच्या सभागृहात जाणारा प्रतिनिधी आमचाच हवा. टेकडीवाले म्हणायचे, गिरणीचा धूर आम्ही खातो तेवढा पुरे, वर त्यांचा प्रतिनिधी कशाला? शेवटी वरिष्ठांनी कपाळाला हात लावला आणि तोडगा काढला. मतदारसंघ एकच, पण प्रतिनिधी दोन. प्रत्येक मतदाराला दोन मतं. दोन्ही एकाच उमेदवाराला द्यायची नाहीत, दोन वेगळ्या नावांसमोर दोन शिक्के मारायचे. सगळ्यांत जास्त मतं पडतील ते पहिले दोघे निवडून यायचे.

आता ज्याच्या हातात दोन मतं असतात, त्याचा स्वभावच वेगळा होतो. एकच मत असलेला माणूस ते मुठीत घट्ट धरून ठेवतो. दोन असली की एक जरा सैल सोडतो. माझी माणसं पहिलं मत द्यायची आपल्या पक्षाला, आपल्या वस्तीच्या अभिमानाला. दुसरं मात्र ज्याच्यावर जीव असेल त्याला. त्यामुळे माझे उमेदवार दारात येऊन "अमक्याला देऊ नका" असं कधी म्हणायचे नाहीत. हात जोडून म्हणायचे, "पहिलं कुणालाही द्या, दुसरं तेवढं मला द्या." आणि माणसंही दारात आलेल्या प्रत्येकाला सांगायची, "दुसरं तुम्हालाच!" एकेका घराने आपलं दुसरं मत पाच-पाच जणांना देऊन टाकलेलं मी या कानांनी ऐकलं आहे. त्यात लबाडी नव्हती. निघालेल्या पाहुण्याला आपण "जेवूनच जा" म्हणतो ना, त्यातलाच तो प्रकार.

या दुसऱ्या मतांवरच सिस्टर निवडून आल्या. त्यांचं सगळं आयुष्य गिरणीच्या वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेलं. त्यांना खरं नाव आहे, मतपत्रिकेवर ते छापलेलंही असतं, पण पहिल्या खेपेला ते वाचून बायका विचारायला लागल्या, "ह्या कोण गं?" म्हणून पुढच्या खेपेपासून नावाशेजारी "सिस्टर" असंही छापायला लागले. बाळंतिणींच्या खोलीत गरम पाणी येत नाही म्हणून त्या भांडायला उठल्या, आणि भांडता भांडता सभागृहात जाऊन पोहोचल्या. अजूनही समोरचा बोलायला लागला की त्यांचा हात नकळत त्याच्या मनगटाकडे जातो. नाडी बघितल्याशिवाय त्यांना माणसाचं म्हणणं पटत नाही.

त्यांच्याबरोबर दुसरे निवडून आले कुलूपवाले. बाजारातलं किल्ल्या-कुलपांचं दुकान त्यांचं. माझ्यातल्या निम्म्या दारांना त्यांनीच बसवलेली कुलपं आहेत, आणि किल्ल्या हरवलेल्या निम्म्या लोकांना त्यांनीच दार उघडून घरात सोडलं आहे. माणूस शांत, सावकाश बोलणारा. सिस्टरांच्या पक्षाचा आणि त्यांच्या पक्षाचा मात्र छत्तीसचा आकडा. सभागृहात दोघे समोरासमोरच्या बाकांवर बसायचे, आणि परतीच्या बसमध्ये शेजारी शेजारी बसून तेच भांडण पुढे चालू ठेवायचे.

सरकार एका मतदारसंघाला एकाच कार्यालयाचं भाडं द्यायचं. त्यामुळे दोघांना मिळून एक खोली मिळाली. पूर्वी ते चपला-बुटांचं दुकान होतं. दुकानदार गेला, पण पाय बघायचे ते बुटके आरसे भिंतीला तसेच राहिले. मधे एक टेबल, एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला कुलूपवाले. आत येणाऱ्याचे आधी पाय दिसायचे, मग तोंड. कुलूपवाले आरशात बघून हळूच म्हणायचे, "सिस्टर, हातातलं ठेवा. अंगठा तुटलेली चप्पल आली आहे, काम खरं असणार."

"आणि पॉलिश केलेले बूट आले की?"

"ते तुमच्या पक्षाचे असतात. त्यांना चहा पाजा आणि लावा वाटेला."

काम करायची दोघांची रीत अगदी उलटी. रुळांवरच्या पादचारी पुलाचं प्रकरण घ्या. पायऱ्या मोडल्या होत्या आणि माणसं जीव मुठीत धरून जात होती. सिस्टर तडक रेल्वेच्या कचेरीत गेल्या, टेबलावर हात आपटून आल्या. काही झालं नाही. कुलूपवाल्यांनी महिनाभर रोज त्या साहेबांना फोन करून फक्त तब्येत विचारली. पायऱ्या झाल्या.

"कुलूप जोर लावून उघडत नाही हो," ते म्हणाले. "आधी कान लावून ऐकावं लागतं, आत काय अडलंय ते."

"बाई अडली की आम्ही कान लावून बसत नाही," सिस्टर फणकारल्या. "आणि मी आधी टेबल आपटलं म्हणूनच त्याची तब्येत बिघडली. नाहीतर विचारलं काय असतं तुम्ही?"

कुलूपवाले यावर एवढे हसले की ठसका लागला, आणि सिस्टरांनी उठून त्यांच्या पाठीत दोन थापा घातल्या. अशी वीसेक वर्षं गेली. दर निवडणुकीला हेच दोघे निवडून यायचे. कधी सिस्टर पहिल्या, कधी कुलूपवाले पहिले; पण दोघेही यायचे. माझी माणसं तर मतदानाला निघताना विचारही करेनाशी झाली. एक शिक्का सिस्टरांना, एक कुलूपवाल्यांना, आणि मग भाजी घेऊन घरी.

मधल्या काळात कुलूपवाल्यांनी दुकान मुलाच्या हाती दिलं. त्यांच्या बायकोची दृष्टी मधुमेहाने हळूहळू गेली होती. सिस्टर रोज संध्याकाळी तिला सुई टोचायला जायच्या आणि वहिनी, वहिनी म्हणत तासभर बसायच्या. सिस्टरांचे यजमान फार पूर्वी गेले, मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात. दिवसभर कुलूपवाल्यांशी भांडण आणि संध्याकाळी त्यांच्या बायकोशी गप्पा, एवढंच त्यांचं गणगोत उरलं होतं. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मला ठाऊक होतं.

आणि एके दिवशी सभागृहाने नवा कायदा केला. दोन प्रतिनिधींचे मतदारसंघ बंद. एक मतदारसंघ, एक प्रतिनिधी, एक मत. हिशेब सुटसुटीत हवा म्हणे. पुन्हा नकाशा काढला गेला, पण या वेळी यंत्रावर. त्याला शिंक येत नाही. रुळांवरून सरळ रेघ गेली आणि माझे दोन तुकडे झाले. मला कुणी विचारलं नाही. मतदारसंघाला कोण विचारतं? एव्हाना टेकडीवरच्या मुली गिरणीच्या वस्तीत नांदत होत्या आणि गिरणीवाल्यांचे मुलगे टेकडीवर भाड्याने राहत होते. जुनं वैर कुणाला आठवतही नव्हतं. ते आठवलं फक्त त्या रेघेला.

गोम अशी की सिस्टर आणि कुलूपवाले, दोघांचीही घरं रुळांच्या अलीकडे. उमेदवार त्या भागात निदान वर्षभर राहिलेला हवा, असा नियम. आणि रेघ जाहीर झाली तेव्हा निवडणुकीला वर्ष उरलंच नव्हतं. म्हणजे दोघांनी एकाच जागेसाठी एकमेकांसमोर उभं राहायचं. कुणीही जिंकलं तरी टेबलाची एक बाजू रिकामी होणार होती.

बातमी कळल्यावर सिस्टरांच्या मुलीचा फोन आला. "आई, आता पुरे झालं. इकडे ये माझ्याकडे. त्यांना राहू दे ना निवडून."

सिस्टरांच्या मनात तेच घोळत होतं. संध्याकाळी त्या वहिनींना सुई द्यायला गेल्या आणि सहज विचारल्यासारखं करून म्हणाल्या, "वहिनी, हे आता घरी बसले तर?"

वहिनींनी त्यांचा हात चाचपून घट्ट धरला. "नको हो सिस्टर. दुकान सोडलं त्या उन्हाळ्यात सुट्टीचा महिनाभर घरी होते. घरातलं एकूण एक कुलूप उघडून साफ केलं आणि कुठलं कुठे लावलं ते विसरले. साखरेच्या डब्यालासुद्धा कुलूप बसवलं होतं या माणसाने." मग हसू आवरून हळू आवाजात म्हणाल्या, "रात्री उठून खुर्चीत बसून राहायचे. मला दिसत नाही, पण ऐकू येतं."

त्या रात्री सिस्टरांनी माघार घ्यायचं नक्की केलं. पण माझ्यात कुठली गोष्ट लपून राहते? दुसऱ्या दिवशी कुलूपवाले खोलीत आले ते न बसता उभेच राहिले. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"माघार घेताय म्हणे."

"कोण म्हणतं?"

"बेकरीवाला म्हणतो, म्हणजे सगळं गाव म्हणतंय. हे बघा सिस्टर, मला मतांनी पाडा, माझं काही म्हणणं नाही. पण दया म्हणून जागा सोडलीत, तर या खोलीत मी पुन्हा पाऊल टाकणार नाही."

"आणि मी तुम्हाला मतांनी पाडलं, तर टाकाल?"

कुलूपवाल्यांनी मान खाली घातली. आरशाकडे, म्हणजे स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. सिस्टर चष्मा पुसत म्हणाल्या, "बरं. उभी राहते. बसा आता, चहा गार होतोय."

प्रचार सुरू झाला आणि दोघांचीही पंचाईत झाली. आजवर दुसरं मत मागायची सवय. पहिलं आणि एकुलतं एक मत मागायचं कसं, ते दोघांनाही येईना. सिस्टर एखाद्या दारात उभ्या राहायच्या, घरातल्या आजाऱ्याची चौकशी करायच्या आणि मत मागायचं विसरून निघून यायच्या. कुलूपवाले दार उघडलं की आधी कडी-कोयंडा तपासायचे. गिरणीच्या चाळीत एका जिन्यावर दोघे समोरासमोर आले, एक चढताना, एक उतरताना. दोघांमागे आपापल्या पक्षाची माणसं, झेंडे, घोषणा.

"वरच्या मजल्यावरच्या कठड्याला हात लावू नका," कुलूपवाले म्हणाले. "डुगडुगतोय."

"आणि तुम्ही खालच्या बिऱ्हाडात चहा घेऊ नका. पोरांना कांजिण्या आल्या आहेत."

दोघांच्या कार्यकर्त्यांनी डोक्याला हात लावला.

माझ्या माणसांची अवस्था तर बघवत नव्हती. सवयीने तोंडून "दुसरं तुम्हालाच" निघून जायचं, आणि मग जीभ चावायची. भिंतींवर, खांबांवर, बसच्या थांब्यावर सगळीकडे सरकारी पाट्या लागल्या: एकच शिक्का मारा. मतदानाच्या दिवशीही दाराशी बसलेला कर्मचारी प्रत्येकाला बजावत होता. गादीवाल्याची म्हातारी आई काठी टेकत आली. तिला सगळी वस्ती आजीच म्हणते. कर्मचाऱ्याने तिलाही समजावलं, "आजी, या खेपेला एकच शिक्का हं."

"एकच? म्हणजे मत निम्मं केलं?"

"निम्मं नाही आजी. पूर्ण मत आहे, पण एकच आहे."

"कळलं, कळलं," आजी म्हणाल्या आणि आडोशामागे गेल्या. तिथे मी डोकावत नाही. मी मतदारसंघ असलो तरी मला रीतभात आहे. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर घरचं सगळं आवरून निघालेल्या बाईचं समाधान होतं. तसंच समाधान मी त्या दिवशी बऱ्याच चेहऱ्यांवर पाहिलं, आणि मला जरा शंका आली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात मोजणी होती. खिडक्यांतून ऊन येत होतं. लांब टेबलं, मधे जाळी. जाळीच्या अलीकडे उमेदवार आणि त्यांची माणसं, पलीकडे मोजणारे. मुख्य अधिकारी एक करड्या आवाजाच्या बाई होत्या. त्या मतपत्रिका उघडायच्या, उमेदवारांना दिसेल अशी धरायच्या आणि नाव पुकारायच्या. सिस्टरांचा गठ्ठा, कुलूपवाल्यांचा गठ्ठा. इतर दोघे-चौघे उभे होते, त्यांचे गठ्ठे कुणाच्या लक्षातही येत नव्हते. आणि टेबलाच्या टोकाला आणखी एक जागा, बाद मतांची.

पहिल्यांदा बाईंनी दोन शिक्क्यांची मतपत्रिका उघडली तेव्हा त्या नुसत्या "बाद" म्हणाल्या. मग आणखी एक. मग लागोपाठ सहा-सात. कुलूपवाल्यांच्या नावासमोर फुलीचा शिक्का आणि खाली सिस्टरांच्या नावासमोर फुलीचा शिक्का. बाद. बाद. बाद. दुपारपर्यंत टेबलाच्या टोकाचा तो ढीग दोन्ही गठ्ठ्यांच्या वर गेला. बाईंनी आयुष्यात बऱ्याच मोजण्या केल्या असतील, पण त्यांचाही आवाज हळूहळू खाली यायला लागला. पाट्या वाचून, समजावून सांगितलेलं ऐकून, मान डोलावून माझी माणसं आत गेली होती, आणि हाताने जे वीस वर्षं केलं तेच केलं होतं. काहींनी सवयीने केलं असेल. काहींनी, मला वाटतं, सगळं नीट समजून केलं होतं.

मोजणी संपली. सिस्टर पुढे होत्या. किती? तर एका लांब बाकावर बसतील एवढ्या माणसांनी.

कुलूपवाल्यांचा भाचा वकील आहे. त्यांच्या पक्षाचं काम तोच बघत होता. तो लगबगीने जाळीपाशी आला. "मामा, थांबा. अजून काही गेलेलं नाही. त्या बाद मतांत काही अशी आहेत, तुमच्या नावासमोरचा शिक्का गडद आहे आणि खालचा अगदी फिकट. तो शिक्काच नाही मुळी! शाई ओली असताना घडी घातली, ती खाली उमटली. अशी मतं नियमाने धरावी लागतात. आपण हरकत घेऊ."

बाईंनी मान हलवली. "हरकत घेतलीत तर मला एकेक तपासावी लागेल. शिक्का फुलीचा आहे. उमटलेली फुली आणि मारलेली फुली सारखीच दिसते. त्यातली काही तुमची ठरतील, हे मी नाकारत नाही."

"काही म्हणजे पुरेशी, मामा! मी बघितली आहेत."

जाळीच्या दुसऱ्या टोकाला सिस्टर उभ्या होत्या. सगळं ऐकत होत्या. त्यांच्या पक्षाची माणसं त्यांच्या कानाशी लागली होती, पण त्यांचं लक्ष कुलूपवाल्यांकडे होतं. मला त्यांच्या मनातलं स्पष्ट दिसत होतं. त्या मनातल्या मनात म्हणत होत्या, घ्या हो हरकत, घ्या.

कुलूपवाले वाकले. चष्मा कपाळावर चढवला आणि बिघडलेल्या कुलपात बघावं तसे बाईंनी समोर धरलेल्या त्या मतपत्रिकेकडे बघत राहिले. मग दुसरी दाखवायला सांगितली. मग तिसरी.

"ही घडी नाही रे," ते भाच्याला म्हणाले. "वरचा शिक्का मारला, शाई संपली, तरी खालचा मारलाय. आणि किती दाबून मारलाय बघ, कागद खोलगट झालाय."

"असेल. पण कायद्याने ते सिद्ध होत नाही. कायद्याने ती तुमची होतील."

"होतील. पण ज्यांनी दिली त्यांनी मला एकट्याला दिलेली नाहीत." त्यांनी चष्मा परत नाकावर घेतला. "दोघांना मिळून दिलेलं आहे, त्यातलं सिस्टरांचं पुसून मी माझं तेवढं उचलू? मला नाही जमायचं ते. बाईंना सांग, माझी काही हरकत नाही."

"मामा, हरलात तुम्ही अशाने."

"असू दे. एवढ्या माणसांना मी हवा होतो आणि त्याही हव्या होत्या. हे बघून मरायला मी मोकळा."

बाईंनी निकाल वाचून दाखवला. सिस्टर विजयी. बाहेर त्यांच्या माणसांनी घोषणा दिल्या, पण अर्ध्यातच थांबल्या. जिंकलेल्या माणसाने रडणं बरं दिसत नाही म्हणून सिस्टर किती तरी वेळ रुमालाने चष्माच पुसत राहिल्या. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, माझ्या माणसांचा इतका अभिमान मला आजवर कधी वाटला नव्हता.

कागदावर मी आता नाही. माझ्या जागी दोन मतदारसंघ आहेत, दोघांना दोन क्रमांक आहेत. टेकडीकडून एक तरुण शिक्षिका निवडून आली आहे, चांगली आहे, तिच्या भागाचं ती बघेल. माझा जुना नकाशा कुठल्या कपाटामागे पडला आहे ते मलाही ठाऊक नाही. रेघा ओढणाऱ्यांना माझं एकच मागणं आहे. ओढा, हिशेबाला रेघ लागतेच. पण ओढण्याआधी एकदा त्या रस्त्याने पायी जा, कोण कुणाला रोज भेटायला जातं ते बघा, आणि मग पेन्सिल उचला.

तुमचा निरोप घ्यायला हवा, पण निकालानंतरच्या आठवड्यातली एक सकाळ सांगतो आणि जातो.

सिस्टर खोलीत एकट्याच होत्या. समोरची खुर्ची रिकामी. रोज कुणी ना कुणी तिच्यावर बसायला जायचं आणि सिस्टर म्हणायच्या, "त्या बाकावर बसा." त्या सकाळी आरशात ओळखीच्या चपला दिसल्या. कुलूपवाले दारातच उभे होते. खिशातून खोलीची किल्ली काढून त्यांनी टेबलाच्या कडेवर ठेवली.

"ही माझ्याकडची. आता तुमच्या पक्षाच्या माणसाला द्या."

"बसा ना जरा."

"नको. मी आता या खोलीचा कोणी नाही, सिस्टर. उगीच लोक काहीबाही बोलतील." ते वळले.

वळले आणि दारात आजींशी टक्कर होता होता वाचली. गादीवाल्याच्या आई काठी टेकत आत येत होत्या, धापा टाकत. आमच्या गल्लीतला नळ कोरडा पडलाय, असं त्या उंबऱ्यातूनच सांगायला लागल्या. मग कुलूपवाले बाहेर निघाल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

"तुम्ही कुठे निघालात?"

"घरी, आजी. सिस्टर आहेत ना, त्यांना सांगा."

"त्यांना तर सांगणारच आहे. पण तुम्ही का निघालात? मी मत दिलंय ना तुम्हाला?" आजींनी काठीने रिकाम्या खुर्चीकडे दाखवलं. "तो माणूस एकच एकच करत होता. मी म्हटलं, कर तू तुझं. आत गेले आणि दोघांनाही दिलं, चांगलं दाबून. वाया नाही जाऊ दिलं."

सिस्टरांनी कुलूपवाल्यांकडे बघितलं. कुलूपवाल्यांनी सिस्टरांकडे. त्या टेबलाच्या टोकाच्या ढिगाबद्दल दोघांपैकी कुणीही एक अक्षर बोललं नाही.

"मग? मत घेतलंत आणि आता काम सांगायला आले तर घरी चाललात? बसा की!"

कुलूपवाल्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. आत आले, आजींसाठी बाक पुढे ओढला, आणि मग आपली खुर्ची टेबलाजवळ घेऊन बसले.

"बोला आजी," ते म्हणाले. "नळ कधीपासून बंद आहे?"

"आधी हात द्या इकडे," सिस्टर म्हणाल्या. "केवढा दम लागलाय तुम्हाला." आणि त्यांनी आजींची नाडी धरली.